दाजीबाची रिकामी जागा

कुसुम,

तुझ्या शोकसभेला खुर्च्या कमी पडल्या. तुझ्या मराठीच्या वर्गाला कधी पोरं पुरली नाहीत, पण शोकसभेला खुर्च्या पुरल्या नाहीत. मग मंगल कार्यालयातून लग्नातल्या खुर्च्या आणल्या, त्या लाल कापडाच्या आणि मागे फीत बांधलेल्या. मला त्यातलीच एक मिळाली. पाठीला फितीची गाठ टोचत होती आणि समोरच्या फ्लेक्सवर तू होतीस. मधोमध होतीस, पण लहान. तुझ्या भोवतीची, हात जोडलेली माणसं मोठी. ज्यांनी फोटो पाठवला त्या सगळ्यांना घ्यावं लागलं म्हणे. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की गेले ते हेच सगळे, आणि तू त्यांना श्रद्धांजली वाहायला उभी आहेस.

हे वाक्य मी तिथेच बसल्या बसल्या जुळवलं. कुसुम आली की तिला हे असंच सांगायचं, हसून तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असं मनात म्हणाले. मग लक्षात आलं.

तू कशी गेलीस ते इथे लिहीत नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि जो तो आपल्या पद्धतीनं सांगतो. दर सांगण्यात तुझा रक्तदाब थोडा वाढत जातो. तू 'देवाघरी गेलीस' असंही लिहीत नाही. तुझं त्या घराशी फारसं येणंजाणं नव्हतं. तू मेलीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेलीस, आणि शाळा उघडायच्या आत सगळं उरकलं. मला त्याबद्दलच बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं. ते आता संपलं, आणि कसं संपलं ते तुला कळायला हवं.

भांडण सुरू झालं ते माझ्या किराणा दुकानात. मी रद्दी घेते, तिच्या पुड्या बांधते, आणि बांधायच्या आधी वाचते. माझं सगळं शिक्षण असंच झालं आहे. शेवट नसलेल्या कितीतरी गोष्टी मला पाठ आहेत. त्या दुपारी मी एका जुन्या मासिकाची पानं सुटी करत होते आणि तू गल्ल्याजवळ उभी राहून वाचत होतीस. मी पान ओढलं, तू सोडलं नाहीस.

"इंदे, हा कागद मले दे. याच्यात साखर नको बांधू."

"काऊन वं? सोनं हाये का त्याच्यात?"

"खून हाये."

गोष्ट पूर्ण होती, फक्त पहिल्या पानाचा वरचा तुकडा फाटला होता. त्यामुळे ती कुणी लिहिली ते आपल्याला कधीच कळलं नाही. एका गावातल्या भजनी मंडळाची गोष्ट. दाजीबा पुढे गाणारा, किसन त्याच्या मागे. दाजीबानं ओळ टाकायची, किसननं ती उचलायची, असं सगळं आयुष्य. दाजीबाच्या गळ्यात आता काही उरलेलं नाही, पण तो पुढची जागा सोडत नाही. एकदा भजनाहून घरी येताना किसन त्याला विहिरीत ढकलतो. गावाला वाटतं, म्हातारा पाय घसरून पडला. शोकसभा भरते. बोलणार कोण? किसनच. आणि किसन असं बोलतो, असा रडतो, की सगळं गाव हेलावून जातं. तिथल्या तिथे ठरतं: दाजीबाच्या जागेवर आता कुणीही बसायचं नाही. पुढे त्याचा फोटो ठेवायचा, हार घालायचा. किसननं आपल्या जागेवर बसायचं. मागे.

पुढं तो कबुलीही देऊन बघतो. लोक म्हणतात, दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं. जमादार चौकशीला येतो, तर गाव जमादारालाच हुसकून लावतं. शेवटी भजन चालू असतं. दाजीबाच्या ओळीएवढा वेळ सगळे गप्प राहतात, टाळसुद्धा थांबतात, आणि मग त्या न म्हटलेल्या ओळीमागून किसन आपली ओळ म्हणतो.

अभ्यासक्रमात ही गोष्ट नव्हती. तू ती शनिवारी शिकवायला घेतलीस. 'उपरोध' हा शब्द तू फळ्यावर लिहिला नाहीस. गाईडमध्ये त्याची चार ओळींची व्याख्या होती आणि पोरांना ती झोपेतही म्हणता येत होती. तू फक्त विचारलंस, किसनला काय पाहिजे होतं? पोरं म्हणाली, पुढची जागा. मिळाली का? नाही. कोणामुळं नाही मिळाली?  मग मागून कुणीतरी म्हणालं, "मेडम, त्याच्याच भाषणामुळं." तू त्या दिवशी दुकानात आलीस ती उड्या मारतच. पन्नाशीची बाई, गुडघे दुखणारी.

आणि मग तुझी ती खोड. गोष्ट संपली की पोरांना घरी पाठवायचं: आईबापाला सांगा, आजीला सांगा, आणि विचारून या की किसनचं काय करायचं. सोमवारी निकाल आले. एकीची आजी म्हणाली होती, "ढकललं ते वाईटच केलं, पन रडला तं चांगला." भाजीवाल्या सखारामचं म्हणणं पडलं की दाजीबानं एखाद्या दिवशी त्याला पुढे बसू द्यायचं होतं, म्हणजे एवढं रामायण झालं नसतं. एका आईनं विचारलं, विहिरीला कठडा का नव्हता, आधी सरपंचावर केस करा. आणि एका पोराचा बाप म्हणाला, किसनला फाशी देऊ नका, मग भजन कोण म्हणेल?

"पाय ना, इंदे," तू मला म्हणालीस, "गावातल्या एकायनं बी नाई म्हनलं का तो खोटं रडला."

"गावाले काय कळते?"

"आन तुले कळते? तू तं रद्दीतून शिकली."

त्याच आठवड्यात शाळेच्या फाटकाशी एक म्हातारा येऊन थांबला. मी तुझ्यासाठी खडूचा डबा घेऊन आले होते, म्हणून हे माझ्यासमोर झालं.

"मेडम, तो किसन कोन्या गावचा हाये?"

"काऊन हो, बुवा?"

"माह्या भावाची तेरवी हाये. भाषनाले मानूस पायजे. आपला नारायणराव बोलते लंबं, पन लोकं काई रडत नाईत."

"बुवा, तो गोष्टीतला मानूस हाये. खरा नाई."

म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. "मंग ज्यानं गोष्ट लिवली त्याले पत्ता इचारा ना. त्याले तं मालूम असन."

तो गेल्यावर आपण फाटकाला धरून हसलो. पण मग तू म्हणालीस, त्यानं आपल्या दोघींपेक्षा किसनला जास्त ओळखलं आहे. किसन खुनी आहे हे त्याला घरच्या पोरानं सांगितलेलंच होतं. तरी त्याला तो तेरवीला हवा होता, कारण त्याचं रडणं खरं होतं.

हेच आपलं भांडण. मी म्हणायचे, किसन भीतीनं रडला. पोलीस येतील, लोक ओळखतील, म्हणून रडला. तू म्हणायचीस, भीतीचं रडणं एक दिवस टिकतं, हा तर जन्मभर रडला. मी म्हणायचे, सवय लागली. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आपण हेच बोलायचो. बाहेरून लोकांना वाटत असेल, बायका काय हिशेब करत बसल्या आहेत.

"तुले मानसं वजनकाट्यावानी पायजेत, इंदे," तू एकदा चिडून म्हणालीस. "इकडल्या पारड्यात खोटं, तिकडल्यात खरं. ढकलनारा बी तोच आन रडनारा बी तोच. दोन मानसं कायले शोधून राह्यली?"

"मंग गोष्टीत गंमत काय राह्यली?"

"खोटा रडला असता तं ही एका लबाडाची गोष्ट झाली असती. तशे तं आपल्या गावात लय हायेत. तो खरा रडते. म्हनून तं भेव वाटते."

मला पटलं नाही. पटलं असतं तरी मी सांगितलं नसतं. तुझ्याशी वाद घालायला मिळणं हीच माझी आठवड्यातली सुट्टी होती.

नारायणराव. त्याच्याबद्दल मला नीट लिहायला हवं, तू तसंच बजावलं असतंस. खताबियाण्याचं दुकान, शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष, गावातल्या प्रत्येक बारशाला, बारावीच्या सत्काराला आणि तेरवीला वक्ता. तो वाईट माणूस नाही. तुझ्या वर्गातला पंखा त्यानंच बसवला, आणि पंख्याच्या पात्यांवर स्वतःचं नाव घातलं नाही. हा त्याचा संयम तू सगळ्यांना सांगायचीस. तुझ्याशी तो नेहमी अदबीनं बोलायचा. "मेडम, मराठीचा मले अभिमानच हाये. पन पोरायचं भविष्य बी पाहा लागते ना." आणि मग घरोघर जाऊन तो आईबापांना इंग्रजी शाळेच्या गाडीची वेळ सांगायचा. गाडी पिवळी होती, दारापर्यंत यायची. तू उन्हातान्हात पायी यायचीस. लोक तुला पाणी द्यायचे, गूळ द्यायचे, पोर द्यायचे नाहीत.

तेलुगू राज्यातल्या आपल्या या गावात मराठीचा वर्ग दर वर्षी आटत गेला. तू शिक्षण खात्यात दरखास्त घेऊन गेलीस, की आणखी एक मराठीचा शिक्षक द्या, म्हणजे आईबापांना भरवसा येईल. साहेबांनी चहा पाजला आणि हसून तेलुगूत सांगितलं, "पोस्ट लेदु, मेडम." म्हणजे जागाच नाही. तू परत आल्यावर म्हणालीस, "इतक्या गोड आवाजात मले 'नाई' कोनी म्हनलं नोतं, इंदे. नवऱ्यानं बी नाई." पोरं नाहीत म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून पोरं नाहीत. या दोन वाक्यांच्या मधे तू एकटी उभी होतीस. तू आहेस तोवर तो वर्ग बंद करता येत नव्हता, एवढंच. गावातल्या मराठी वर्गाचा सगळा आधार म्हणजे तुझे दुखरे गुडघे.

म्हणून तुझ्या शोकसभेला मी फक्त रडायला गेले नव्हते. रेखा आणि मी ठरवून गेलो होतो. रेखा म्हणजे सखारामची सून, जिची पोरगी यंदा आठवीत गेली. नारायणरावानं शिक्षण खात्याच्या साहेबांना बोलावलं होतं. साहेब समोर असतील, गाव समोर असेल, तेव्हाच विचारायचं: बाईंच्या जागी नवीन बाई कधी देता? शाळा उघडायला थोडे दिवस होते. तिथे साहेबांनी गावादेखत होकार दिला असता तर वर्ग वाचला असता. नाही तर कधीच नाही. हे आम्हा दोघींना कळत होतं. रेखानं सकाळपासून चार वेळा मला विचारलं, "काकी, म्या उभी राहीन, पन तुमी मांगं राहसान ना?" मी म्हणाले, राहीन.

सभा तुझ्याच वर्गात होती. फळ्यावर कुणीतरी फुलं काढली होती. तुझी खुर्ची मधे, त्यावर तुझा फोटो. सुरुवातीला तेच ते झालं. ज्यांनी तुला कधी खडूसुद्धा वेळेवर दिला नाही त्यांनी तुझ्या त्यागाबद्दल सांगितलं. एकानं तुला 'मराठीचा कोहिनूर' म्हटलं. हे मी तुझ्यासाठी लक्षात ठेवलं आहे.

मग नारायणराव उठला. आधी नेहमीसारखाच बोलत होता. मग तुझ्या खुर्चीकडे वळला आणि थांबला.

"या खुर्चीवर बाई बसत होत्या," तो म्हणाला. "या खुर्चीवर उद्या दुसरं कोनी बसन, आमच्या बाईचा खडू दुसरं कोनी हातात घेईन... मंडळी, हे माह्याच्यानं पाहावनार नाई."

आणि तो रडायला लागला. कुसुम, फाटकावरच्या त्या म्हाताऱ्याला सांगायला हवं कुणीतरी, नारायणराव बोलला आणि लोक रडले. सगळी खोली रडली. बायकांनी पदर लावले, मागे उभे असलेले हमालसुद्धा डोळे पुसत होते. त्या भरात त्यानं जाहीर केलं की ही खोली आता बाईंचं स्मारक. खुर्ची, फोटो, फळा, सगळं जसंच्या तसं राहील. इथे दुसरा वर्ग भरणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे आठवून थांबले. मग राहवलं नाही म्हणून परत वाजवल्या. साहेबांच्या कानात शेजाऱ्यानं तेलुगूत अर्थ सांगितला, आणि साहेबांनी लगेच मान डोलावून मंजुरी दिली. तुझ्या कुठल्याही दरखास्तीला खात्याकडून एवढ्या झपाट्यानं होकार आला नव्हता.

रेखा उठली. तिला मानलं पाहिजे. मी मागे होते, पण उठली तीच.

"सायेब, मंग आमच्या पोरीले कोन शिकवन?"

 कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. नारायणराव डोळे पुसत तिच्याकडे बघून म्हणाला, "रेखा, बाईवानी दुसरी बाई कुठं भेटन, माय?" आणि सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच आहे, कुठे मिळणार. मागून एकीनं रेखाचा पदर ओढला, "बस वं. आजच्या दिवशी नको." ती बसली. प्रश्न तिनं बरोबर विचारला होता, आणि सगळ्या खोलीत तीच एकटी निर्दय ठरली.

मग माझं नाव पुकारलं गेलं. बालमैत्रीण म्हणून दोन शब्द.  विनंती करून आता काही होणार नव्हतं. मी ठरवलं, गोष्ट सांगायची. दाजीबाची आणि किसनची. बाईंना आवडणारी गोष्ट म्हणून सुरुवात केली आणि सगळी सांगितली, जशी तू सांगायचीस तशीच, घाई न करता. किसनचं नाव आलं की मी नारायणरावाकडे बघत होते. विहीर आली तेव्हा बघितलं. शोकसभा आली, रिकामी जागा आली, तेव्हा तर मी बोलता बोलता थांबून बघितलं. मला वाटलं, आता कळेल. एवढ्या उघड आरशात कुणीही स्वतःला ओळखेल.

शेवटच्या भजनाशी मी गप्प झाले, दाजीबाच्या ओळीएवढा वेळ. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

आणि टाळ्या. नारायणराव उठून माझ्याकडे आला, माझ्या हातातला माईक घेतला. "मंडळी," तो म्हणाला, "आमची बाई म्हंजे दाजीबाच होती. आन आमी सारे किसन हावो."

एक क्षणभरच, कुसुम. मला वाटलं, कळलं त्याला.

"आमी सारे तिच्या मांगं गानारे," तो म्हणाला, आणि पुन्हा रडला. ही गोष्ट तो स्मारकाच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवून घेणार आहे. पेंटरशी बोलणं झालं आहे. विहिरीचा भाग गाळणार, शोभत नाही म्हणून.

तो माईक घ्यायला आला तेव्हा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी नीट बघितलं. कितीतरी रविवारांचा वाद होता, जिंकायची तीच संधी होती. डोळे लाल होते. हनुवटी हलत होती. नाक वाहत होतं आणि त्याला त्याचं भान नव्हतं. नाटक करणारा माणूस नाक वाहू देत नाही, कुसुम. त्याचं रडणं खरं होतं. तुझा वर्ग त्यानं घालवला आणि तुझ्यासाठी तो मनापासून रडला, आणि दोन्ही करणारा एकच माणूस होता. मी दुसरा शोधला. दुसरा नव्हता.

तू जिंकलीस. तुला म्हणायचं होतं ते हेच असेल, की याचंच भय वाटतं. लबाडाशी भांडता येतं. त्याला उघडं पाडता येतं. खरं रडणाऱ्या माणसाला काय दाखवायचं? तुझ्या वर्गातल्या पोरांना हे कळलं होतं. त्यांना तू शिकवलंस म्हणून कळलं. आता पुढच्यांना ते शिकवायला कुणी नाही, आणि शिकवलं जात नाही हे त्यांना कळणारही नाही. आणि एक सांगते, मला टाळ्या पडल्या तेव्हा बरं वाटलं. थोडंसंच. पण वाटलं. तू असतीस तर माझ्याकडे तिरकं बघून म्हणाली असतीस, आता हिला पुढच्या तेरवीला बोलवा.

शाळा उघडली. खोलीला कुलूप आहे. खिडकीतून बघितलं तर खुर्चीवर तुझा फोटो, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार. सुकत नाही म्हणून तोच बरा, असं ठरलं. सकाळी पिवळी गाडी दुकानासमोरून गेली तेव्हा खिडकीत रेखाची पोरगी होती. तिनं हात हलवला. रेखा नंतर साखर न्यायला आली आणि नुसती उभी राहिली. मी तिला पुडी बांधून दिली. 

रविवारी दुपारी मी अजून शटर अर्धं ओढते. रद्दी पुढ्यात घेते. काल मुद्दाम, तुला चिडवायला म्हणून, मोठ्यानं म्हणाले, "काई म्हन कुसुम, किसन खोटाच रडला."

मग गप्प बसले. तुला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा. बाहेरून एक गिऱ्हाईक डोकावलं आणि निघून गेलं. मग मी पुढचा कागद ओढला आणि पुडी बांधायला घेतली.